कमरेचे पिस्तूल आणि राज्याचा परवाना



अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की आपल्याकडे दोन दिवस बातम्या चालतात. 'तिथे काय, कुणीही उठतो आणि दुकानातून बंदूक घेऊन येतो' हे वाक्य घरोघरी बोलले जाते आणि विषय तिथेच मिटतो. हे वाक्य अर्धवट आहे, म्हणून आजच्या व्याख्यानाला मी हा विषय घेतला. या सभागृहातल्या अनेकांचे कुणी ना कुणी एडिसनला, डॅलसला, शिकागोच्या उपनगरात नाहीतर बे एरियात राहते. शस्त्रे बाळगण्याच्या कायद्यापुरते पाहिले, तर चार राज्यांतली ही चार ठिकाणे एका देशातली वाटू नयेत इतकी वेगळी आहेत. आपण मात्र 'अमेरिकेतला कायदा' असे एकवचनात बोलतो.

आधी एक फरक मनात पक्का करून घेऊ. बंदूक विकत घेणे, ती घरात ठेवणे आणि ती अंगावर बाळगून चारचौघांत वावरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विकत घेण्याबाबत वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राचा, कायदा बराच बोलतो. 1968 चा गन कंट्रोल अ‍ॅक्ट आहे, 1993 चा ब्रॅडी कायदा आहे. परवानाधारक दुकानदाराला विक्रीपूर्वी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी लागते आणि नोव्हेंबर 1998 पासून ही तपासणी राष्ट्रीय पातळीवरच्या यंत्रणेतून तातडीने होते. घरात पिस्तूल ठेवण्याच्या हक्कावर 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी शिक्कामोर्तब केले. तिसरी गोष्ट, पिस्तूल कमरेला लावून रस्त्यावर येणे, प्रामुख्याने राज्यांच्या हाती राहिली आहे आणि खरे भांडण तिथे आहे. घरातली बंदूक हा घरातल्यांचा प्रश्न असतो. कमरेची बंदूक बसथांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचाही प्रश्न होते.

आपली समजूत अशी की अमेरिकेत पूर्वी सगळेच पिस्तूल लटकावून हिंडत आणि अलीकडे थोडे निर्बंध आले. सिनेमातून आलेली ही समजूत इतिहासाला धरून नाही. अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावची ती प्रसिद्ध चकमक 26 ऑक्टोबर 1881 ची, ओ. के. कोरलजवळची. तिच्यावर कितीतरी चित्रपट निघाले. त्या चकमकीमागे गावाचा एक साधा नियम होता: गावात येणाऱ्याने आपली शस्त्रे ठरलेल्या जागी जमा करायची. मार्शल व्हर्जिल अर्प त्या दिवशी निघाला होता तो हा नियम मोडणाऱ्यांची शस्त्रे काढून घ्यायला. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी तर लपवून शस्त्र बाळगण्यावर 1813 मध्येच बंदी घातली होती. आणि आज ज्या टेक्ससचे नाव बंदुकीशी कायमचे जोडले गेले आहे, त्या टेक्ससने 1871 मध्ये पिस्तूल बाळगून फिरणे बेकायदा ठरवले. प्रवासी वगैरेंना सूट होती, पण सर्वसामान्य नागरिकाला पिस्तूल घेऊन बाहेर पडण्याचा परवाना तिथे 1995 पर्यंत मिळतच नव्हता. याउलट व्हरमाँट हे उत्तरेकडचे छोटे, शांत, आज उदारमतवादी समजले जाणारे राज्य. रटलंड शहराने महापौराची किंवा पोलिसप्रमुखाची लेखी परवानगी हवी असा नियम केला, तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1903 मध्ये तो रद्द केला. व्हरमाँटमध्ये असा परवाना आजवर कधी नव्हताच. तेव्हा दक्षिण म्हणजे सैल आणि उत्तर म्हणजे कडक, हे गणित इतिहासात बसत नाही.

आता आजच्या विषयाचा गाभा. परवाना ठेवायचा असे एकदा ठरले, की पुढचा प्रश्न येतो: 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या आधारावर? माझ्या मते अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या वादाचे मूळ या एका प्रश्नात आहे.

न्यूयॉर्क राज्याने 1911 मध्ये सलिव्हन कायदा केला. लपवता येईल असे शस्त्र बाळगायला परवाना सक्तीचा झाला आणि दोनच वर्षांत त्यात अट आली की बाहेर बाळगण्यासाठी अर्जदाराने 'योग्य कारण' दाखवले पाहिजे. योग्य म्हणजे काय, ते परवाना देणाऱ्याने ठरवायचे. पुढे न्यायालयांनी अर्थ लावला, की सर्वसामान्य माणसापेक्षा तुम्हाला वेगळा, खास धोका आहे हे दाखवा. माझी वस्ती वाईट आहे, रात्रपाळीहून एकटा परततो, एवढे पुरेसे नाही. तिकडचे वकील या पद्धतीला 'मे इश्यू' म्हणतात. आपण तिला मर्जीचा परवाना म्हणू.

मर्जीचा परवाना कागदावर शहाणपणाचा वाटतो. अधिकारी माणूस पाहील, विचार करील, मग देईल. पण मर्जी कोणाची आणि कोणावर चालते, हे पाहायचे असेल तर 1956 सालच्या मॉन्टगोमेरीला चला. अलाबामा राज्यातले हे शहर. कृष्णवर्णीयांचा बसगाड्यांवरचा बहिष्कार ऐन भरात होता. 30 जानेवारीच्या रात्री मार्टिन ल्यूथर किंग सभेला गेले असताना त्यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. आत पत्नी आणि काही आठवड्यांची मुलगी होती. त्यानंतर किंग यांनी शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी रीतसर अर्ज केला. त्या क्षणी अख्ख्या अमेरिकेत त्यांच्याइतका उघड धोका किती जणांना असेल? अर्ज नाकारला गेला. पुढे किंग यांनी शस्त्राचा विचारच सोडला आणि ती त्यांची थोरवी. पण नकार देणाऱ्या अधिकाऱ्याने काही अहिंसेच्या प्रेमापोटी नकार दिला नव्हता. कायद्याने त्याच्या हाती मर्जी दिली होती आणि ती त्याने वापरली.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. 2 मे 1967 रोजी ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते उघडपणे बंदुका घेऊन सॅक्रॅमेंटोच्या विधिमंडळात शिरले. तोवर त्या राज्यात भरलेली बंदूक उघड बाळगायला मनाई नव्हती. त्याच वर्षी मलफर्ड कायदा आला, मनाई झाली, आणि त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. न्यूयॉर्कमध्येही सुरुवातीला सलिव्हन कायद्याचा बडगा इटालियन स्थलांतरितांवर जोरात पडला. अलीकडचे सांगायचे तर 2016 नंतर न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांतल्या परवाना विभागातले लाचखोरीचे प्रकरण बाहेर आले आणि अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. जिथे निकष धूसर असतो तिथे ओळख, वशिला आणि पाकीट आपोआप शिरतात. हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

या मर्जीला उत्तर म्हणून दुसरी पद्धत आली: 'शॅल इश्यू', म्हणजे हक्काचा परवाना. वय, गुन्हेगारी नोंद, प्रशिक्षण अशा ठरलेल्या अटी पुऱ्या करा. केल्यात तर अधिकाऱ्याने परवाना दिलाच पाहिजे, कारण विचारायचे नाही. फ्लोरिडाने 1987 मध्ये असा कायदा केला आणि तो नमुना होऊन राज्याराज्यांत पसरला. टेक्ससमध्ये त्याला एक शोकांतिका कारणीभूत झाली. ऑक्टोबर 1991 मध्ये किलीन गावातल्या एका उपाहारगृहात एका माणसाने 23 जणांना ठार केले. त्यात जिचे आईवडील डोळ्यांदेखत गेले, ती मुलगी पुढे विधिमंडळांसमोर सांगत राहिली, की माझे पिस्तूल मी कायद्याला भिऊन गाडीत ठेवून आत गेले होते. तिच्या साक्षीला उत्तर देणे कोणालाही सोपे नव्हते. 1995 मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी परवान्याच्या कायद्यावर सही केली.

हा टेक्ससचा परवाना जरा जवळून पाहण्यासारखा आहे. अर्जदाराला चार ते सहा तासांचा वर्ग करावा लागतो. बळाचा वापर कायद्याने कधी करता येतो, भांडण न वाढवता कसे निस्तरावे, पिस्तूल घरात लहान मुलांपासून कसे सांभाळावे, हे त्यात शिकवतात. मग लेखी परीक्षा. मग मैदानावर 50 गोळ्या: 20 तीन यार्डांवरून, 20 सात यार्डांवरून, 10 पंधरा यार्डांवरून. एकूण 250 गुण आणि उत्तीर्ण व्हायला 175. बोटांचे ठसे द्यायचे, पार्श्वभूमी तपासली जाते. ही परीक्षा कठीण आहे असे कोणी म्हणणार नाही. तीन यार्ड म्हणजे जेमतेम नऊ फूट. तरीही पिस्तूल घेऊन बाजारात जाणाऱ्या माणसाने निदान एकदा तरी कायदा ऐकला आहे आणि त्याला नेम धरता येतो, एवढी खात्री राज्य करून घेत होते.

घेत होते, असे म्हणावे लागते. कारण 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्ससमध्ये 21 वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवाना लागेनासा झाला. अनेक पोलिस अधिकाऱ्यांनी विरोध केला, तरी कायदा झाला. याला समर्थक 'कॉन्स्टिट्यूशनल कॅरी' म्हणतात: घटनेनेच हक्क दिला, मग परवाना कशाला? अलास्काने 2003 मध्ये, अ‍ॅरिझोनाने 2010 मध्ये ही वाट धरली. 2023 मध्ये फ्लोरिडा, 2024 मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना त्यात आले आणि अशा राज्यांची संख्या 29 झाली. पन्नासपैकी 29. जो फ्लोरिडा हक्काच्या परवान्याचा नमुना होता, त्यालाही आता तो परवाना नकोसा झाला.

आता मर्जीचा परवाना टिकवून ठेवलेल्या राज्यांकडे येऊ. 23 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्याचा निकाल दिला. न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर काउंटीतल्या दोन रहिवाशांचे अर्ज होते. शिकारीसाठी आणि नेमबाजीसाठी त्यांना परवाने होते, सर्रास बाळगण्यासाठी मिळत नव्हते, कारण खास धोका दाखवता येत नव्हता. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताचे निकालपत्र लिहिले: घराबाहेर शस्त्र बाळगणे हाही 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतला हक्क आहे, आणि हक्क बजावायला नागरिकाने सरकारला खास कारण देण्याची गरज नाही. न्यायालयाच्या मोजणीप्रमाणे 43 राज्ये आधीच हक्काचा परवाना देत होती. मर्जीवर चालणारी न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मेरिलँड आणि हवाई ही सहाच उरली होती. त्यांचा निकष एका दिवसात गेला.

या खटल्यात एक गोष्ट बातम्यांतून निसटली. न्यूयॉर्कमधल्या गरीब आरोपींची वकिली करणाऱ्या सरकारी खर्चाच्या वकिलांनी कायद्याविरुद्ध, म्हणजे बंदुकीच्या हक्काच्या बाजूने, न्यायालयात निवेदन दिले होते. हे लोक काही बंदूकप्रेमी नव्हेत. त्यांचे म्हणणे असे, की विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल ज्यांच्यावर खटले होतात ते आमचे जवळजवळ सगळे अशील कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक आहेत. ज्यांना परवाना कधी मिळणारच नव्हता त्यांना परवाना नाही म्हणून तुरुंगात पाठवता. मर्जीच्या पद्धतीवर याहून मोठा आरोप मला ठाऊक नाही.

पण त्याच निकालात आणखीही काही आहे आणि ते मुद्दाम वाचले पाहिजे. हक्काच्या परवान्याला न्यायालयाने हात लावलेला नाही. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी आपल्या स्वतंत्र मतात स्पष्ट केले, की बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, मानसिक आरोग्याच्या नोंदी आणि शस्त्राचे प्रशिक्षण अशा अटी राज्ये ठेवू शकतात. म्हणजे सर्वांना सारख्या अटी, आणि अटी पुऱ्या झाल्या की परवाना, ही चौकट घटनेला पूर्ण मान्य आहे. ज्या राज्यांनी परवान्याची सक्ती मोडीत काढली, त्यांना तसे करायला कोणत्याही न्यायालयाने भाग पाडलेले नाही. ती त्यांच्या विधिमंडळांची निवड आहे आणि ती चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मर्जी काढायची होती, ती काढली, ठीक झाले. तिच्याबरोबर वर्ग गेला, मैदानावरच्या 50 गोळ्या गेल्या, ठसे गेले. अन्याय मर्जीत होता. शिकण्याच्या अटीत कोणता अन्याय होता?

न्यूयॉर्कने निकालानंतर आठवड्यात नवा कायदा केला. सोळा तासांचा वर्ग, दोन तास प्रत्यक्ष गोळीबार, चारित्र्याचे चार साक्षीदार, दर तीन वर्षांनी नव्याने नोंद. शिवाय 'संवेदनशील ठिकाणां'ची लांबलचक यादी: शाळा, दवाखाने, भुयारी रेल्वे, उद्याने, नाट्यगृहे आणि नावानिशी टाइम्स स्क्वेअर. या कायद्यातल्या कलमाकलमावर खटले चालले. त्यातले काही मला पटते, काही नाही. चारित्र्याचे साक्षीदार आणा म्हणजे मर्जी मागच्या दाराने परत येते. सोळा तास शिका, यात मात्र मला गैर दिसत नाही. पुढे जून 2024 मध्ये रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक असा निकाल आला: ज्याच्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचारामुळे न्यायालयाचा प्रतिबंधक आदेश आहे आणि जो दुसऱ्याच्या जिवाला धोका ठरला आहे, त्याचे शस्त्र काढून घेता येते. ब्रूएननंतर जे सैल होत चालले होते, ते न्यायालयाने थोडे आवळले.

आता राज्याच्या सीमेवर काय होते ते पाहू. तुमच्या मुलाकडे टेक्ससचा वाहनचालक परवाना असेल तर तो कॅलिफोर्नियात गाडी चालवू शकतो. शस्त्राचे तसे नाही. कोणते राज्य कोणाचा परवाना मानते याचे परस्पर करार असतात आणि ते बदलत राहतात. देशभर एकमेकांचे परवाने मानले जावेत असे विधेयक प्रतिनिधिगृहाने डिसेंबर 2017 मध्ये मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते पुढे गेले नाही. मधल्या मध्ये माणसे अडकतात.

फिलाडेल्फियातली एक एकटी आई. लहान मुले, लुटीचे अनुभव आलेले, म्हणून तिने रीतसर पिस्तूल घेतले आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना काढला. तिथे तो मिळणे अवघड नाही, प्रशिक्षणाची अटही नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये ती नदीपलीकडे न्यू जर्सीत गेली. वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली. तिने प्रामाणिकपणे सांगितले, की पर्समध्ये पिस्तूल आहे आणि हा माझा परवाना. न्यू जर्सी बाहेरच्या राज्याचा परवाना मानत नाही. तिला अटक झाली, तुरुंगवास झाला आणि तीन वर्षांहून जास्त सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार डोक्यावर आली. बराच गवगवा झाल्यावर खटला मागे पडला आणि 2015 मध्ये गव्हर्नरने माफी दिली. एका पुलाच्या अलीकडे ती कायदा पाळणारी नागरिक होती, पलीकडे गुन्हेगार.

दुसरे प्रकरण विमानतळाचे. केंद्राच्या 1986 च्या कायद्याने एक सोय ठेवली आहे: जिथून निघालात आणि जिथे पोचणार तिथे शस्त्र कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ते रिकामे करून, कुलपात, हाताला लागणार नाही असे नेता येते. युटाचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचे विमान चुकले. सामान परत हाती आले आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे स्वतःहून सांगितले, की बॅगेत कुलूपबंद पिस्तूल आहे. तिथेच अटक. 2010 मध्ये अपील न्यायालयाने म्हटले, की हॉटेलात बॅग तुमच्या हाताशी होती, तेव्हा केंद्राचे संरक्षण सुटले. निकाल कलमाच्या शब्दाला धरून असेल. पण चुकलेल्या विमानाने माणूस गुन्हेगार व्हावा, ही व्यवस्था धड नाही.

परवान्याची सक्ती रद्द केलेल्या राज्यांतही एक खाच आहे. केंद्राच्या कायद्याने शाळेच्या आवारापासून 1,000 फुटांच्या आत शस्त्र बाळगणे गुन्हा आहे. सूट आहे ती त्या राज्याचा परवाना असलेल्याला. राज्य म्हणते परवाना नको, आणि शहरात हजार फुटांत शाळा नाही असा रस्ता सापडणे कठीण. म्हणजे परवान्याशिवाय हिंडणारा माणूस राज्याच्या दृष्टीने निर्दोष आणि केंद्राच्या दृष्टीने वारंवार दोषी. खटले फारसे होत नाहीत ही गोष्ट निराळी. कायद्याने नागरिकाला अशा स्थितीत ठेवूच नये. प्रशिक्षणाची गरज किती आहे, याबाबत विमानतळांवरचे आकडेही बोलके आहेत. 2023 मध्ये प्रवाशांच्या हातातल्या सामानात तपासणीत 6,737 बंदुका सापडल्या, त्यातल्या 90 टक्क्यांहून अधिक भरलेल्या. बॅगेत आहे हे विसरलो, हे नेहमीचे उत्तर. भरलेले पिस्तूल कुठे ठेवले हे जो विसरतो, त्याला न्यूयॉर्कच्या त्या सोळा तासांची गरज आहे.

आपल्या घटनेशी या प्रश्नाचा संबंध येतो, तो थोडक्यात सांगतो. 1878 च्या ब्रिटिश शस्त्रकायद्याचा आपल्याकडे फार राग होता. 1931 च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क घातलेला होता. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामथांनी तो हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती अमान्य केली. प्रत्येक व्यक्तीला शस्त्रे घेण्याचा निर्बंधरहित हक्क दिला तर राज्याला कारभार कसा चालवता येईल, असा त्यांचा सवाल होता. आपण शस्त्रे हा विषय केंद्राच्या सूचीत टाकला. 1959 च्या कायद्यात परवाना अधिकाऱ्याची 'सबळ कारण' असल्याची खात्री पटावी लागते. म्हणजे न्यूयॉर्कचा जो निकष ब्रूएनने रद्द केला, त्याच्या जवळचा निकष आपल्याकडे आजही चालू आहे. बाबासाहेबांचा निर्णय मी बिनशर्त बरोबर मानतो. पण मर्जीच्या परवान्याबद्दल अमेरिकेत जे आरोप झाले, ते आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शस्त्रपरवान्यांनाही लावून पाहायला हरकत नाही.

'पण बाळगल्याने गुन्हे घटतात की वाढतात?' हा प्रश्न व्याख्यानानंतर येणारच, म्हणून आताच बोलतो. 1990 च्या दशकात अभ्यासक जॉन लॉट यांनी आकडेवारी मांडून म्हटले की घटतात, आणि त्याचा विधिमंडळांवर मोठा परिणाम झाला. 2004 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सगळे पुरावे तपासून सांगितले, की घटतात किंवा वाढतात असे काहीच ठामपणे म्हणता येत नाही. 2019 मध्ये जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की बाळगण्याचा हक्क सैल केल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, तसे न केले असते तर असते त्यापेक्षा, 13 ते 15 टक्के जास्त असतात. आज पुराव्याचा काटा त्या बाजूला झुकलेला आहे. शिवाय एक आकडा या वादात झाकला जातो: 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 46,728 माणसे मेली आणि त्यातल्या 27,300 आत्महत्या होत्या. हाताशी असलेले पिस्तूल बहुतेक वेळा परक्या हल्लेखोरावर चालत नाही.

शेवटी आपल्या माणसांसाठी काही कामाच्या गोष्टी.

विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-वन-बी वर असलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. राज्य कितीही सैल असो, अगदी टेक्सस असो, ही मनाई उठत नाही. शिकारीचा वैध परवाना असणे वगैरे मोजके अपवाद आहेत. मित्रांबरोबर हौसेने रेंजवर जाऊन हाती पिस्तूल घेऊन फोटो टाकणाऱ्या मुलांना हे माहीत नसते. ग्रीन कार्डधारकाला विकत घेता येते, पण शस्त्रविषयक गुन्ह्यात शिक्षा झाली तर त्याची देशातून हकालपट्टी होऊ शकते. राज्याने गांजा कायदेशीर केला असला तरी केंद्राच्या लेखी गांजा ओढणारा माणूस शस्त्राला अपात्र आहे आणि खरेदीच्या अर्जात तसा सरळ प्रश्न आहे.

मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी टेक्ससमधल्या दुकानाच्या दारावरच्या पाट्या वाचायला शिकावे. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंच अक्षरांत 30.06 किंवा 30.07 कलमाचा मजकूर असेल, तर परवानाधारकानेही तिथे अनुक्रमे लपवून किंवा उघड पिस्तूल आणायचे नाही. लाल रंगात 51 टक्के अशी पाटी असेल, तर त्या जागेचे निम्म्याहून अधिक उत्पन्न मद्यविक्रीचे आहे आणि तिथे पिस्तूल नेणे बेकायदा आहे. पोलिसाने गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर, दिसतील असे ठेवावेत. आपल्याकडे करतात तसे चटकन दार उघडून खाली उतरू नये. जुलै 2016 मध्ये मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल या परवानाधारक तरुणाने आपल्याजवळ शस्त्र आहे असे पोलिसाला नम्रपणे सांगितले आणि काही सेकंदांत त्याच पोलिसाच्या गोळ्यांनी तो मेला. पोलिस पुढे निर्दोष सुटला. समोरच्याकडे पिस्तूल असेलच असे धरून चालणाऱ्या देशात पोलिसाची भीती आणि नागरिकाची भीती अशी एकमेकांसमोर उभी असते.

आणि जे आपले लोक तिथले नागरिक झाले आहेत, त्यांना एक विनंती आहे, ती त्यांच्यापर्यंत तुम्ही पोचवावी. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर ते तासन् तास बोलतात. कमरेच्या पिस्तुलाला प्रशिक्षण लागेल की नाही, हे मात्र राज्यांच्या राजधान्यांत, ऑस्टिनला ठरते, ट्रेंटनला ठरते, टॅलाहासीला ठरते. राज्याच्या विधिमंडळात आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी कोण आणि या प्रश्नावर त्याने कोणत्या बाजूने हात वर केला, हे त्यांनी शोधून काढावे, त्याला पत्र लिहावे आणि त्या निवडणुकीत न चुकता मत द्यावे.